बाणावली ते खोलगड : 'बघायला काहीच नाही'

आमची थोरली नऊ वर्षांची. सहलीबद्दल तिचं म्हणणं एकच, बघायला काहीतरी हवं. गेल्या डिसेंबरात मडगावहून दक्षिणेकडे किनाऱ्याकिनाऱ्याने तीन रविवार फिरायचं ठरलं, तेव्हा मी तिला बाणाचं आमिष दाखवलं. परशुरामाने सह्याद्रीवरून बाण सोडला, समुद्र मागे सरला, आणि बाण पडला ती बाणावली.

बाणावली मडगावहून सहा-सात किलोमीटर. पोचलो तर वाळू, होड्या, वाळत घातलेली जाळी.

"बाण कुठंय?"

मी गप्प. आई मात्र गाडीतून उतरता उतरता म्हणाली, "सगळें दोळ्यांनीच पळोवंक जाय?" म्हणजे, सगळं डोळ्यांनीच बघायला हवं का? आई चिडली की कोकणीत बोलते.

नशिबाने रापण ओढणं चालू होतं. होडीने जाळं समुद्रात अर्धवर्तुळात टाकून यायचं आणि मग दोन्ही टोकांना माणसांच्या रांगांनी दोर धरून ते किनाऱ्याला ओढायचं. ना यंत्र, ना घाई. धाकट्याने न विचारताच दोराला हात घातला, आणि पुढच्या काकांनी मागे वळूनही न बघता त्याला जागा करून दिली. पाऊणेक तास तो ओढत होता. जाळं आलं ते तारले, थोडे बांगडे आणि बरंच शेवाळ घेऊन. त्याला चार तारल्यांचा वाटा मिळाला. त्या गडबडीत एक चप्पल समुद्राने नेली ती गेलीच. याच रापणकारांनी १९७०च्या दशकात ट्रॉलरांविरुद्ध केवढं आंदोलन उभारलं होतं, हे मी बायकोला सांगत होतो. तिचं लक्ष चपलेकडे.

संत जुझे वाझ यांचा जन्म १६५१ साली याच गावातला, आणि जुनी शेती-अवजारं, बैलगाड्या जपणारं 'गोवा चित्र' संग्रहालयही इथेच. तिथे थोरली खूश. बघायला होतं ना!

दुसरा रविवार कुंकळ्ळीचा. ही किनाऱ्यापासून जरा आत, पण साळ नदीच्या या पट्ट्याची गोष्ट कुंकळ्ळीशिवाय पुरी होत नाही. पोर्तुगीजांनी देवळं पाडली, धर्म बदलायचा जोर लावला, तेव्हा १५८३च्या जुलैत इथल्या गावकऱ्यांनी हत्यार उचललं. पाच जेझुइट पाद्री मारले गेले. मग पोर्तुगीजांनी सोळा गावकरांना, म्हणजे गावच्या प्रमुखांना, बोलणीसाठी म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून घेतलं आणि मारलं. एकाने नदीत उडी घेतली, तोच वाचला. मुलांना हे सांगावं की नाही, यावर आमचं आधी घरी वाजलं होतं. शेवटी स्मारकापाशी उभं राहून सांगितलंच. थोरलीने एवढंच विचारलं, "बोलायला बोलावून?" मला पुढे काही सुचेना.

कुंकळ्ळीची शांतादुर्गा तेव्हा फातर्प्याला नेली. शिगम्यात, म्हणजे गोव्याच्या होळीच्या सणात, ती पालखीतून आपल्या गावी येते, पुढे बारा वांगडांच्या, म्हणजे घराण्यांच्या, बारा छत्र्या नाचत असतात. डिसेंबरात छत्र्या कुठल्या! पण फातर्प्याच्या देवळात आईने ओटी भरताना 'कुंकळ्ळीकारीण' हे नाव जरा मोठ्यानेच घेतलं. देवी फातर्प्यात आणि नावात अजून कुंकळ्ळी. माहेरचं नाव सोडायचं नाही, हे आईचं आवडतं तत्त्व. त्यासाठी तिला देवीची साथ मिळाली.

तिसऱ्या रविवारी बेतूल. साळ नदी समुद्राला मिळते त्या मुखावरच्या टेकडीवर शिवाजी महाराजांनी १६७९ साली किल्ला बांधून घेतला. समोर पोर्तुगीजांच्या ताब्यातला साष्टी महाल, खाली नदीचं तोंड. एवढं बघितलं की जागा का निवडली हे समजवावं लागत नाही. आज उरलंय ते एका बुरुजाएवढं आणि एक तोफ. "एवढाच?" थोरलीचा प्रश्न तयारच होता. धाकटा तोफेवर चढू बघत होता. महाराजांचं नाव घेऊन आपण एवढी भाषणं ठोकतो, आणि इथे रविवारी सकाळी आमच्याशिवाय कुणी नाही. असो. खाली जेटीवर शिनाणे, म्हणजे शिंपले, घेतले, तेवढीच भरपाई.

पुढे घाट चढून सड्यावरून खोलगड. सगळे याला काब द राम म्हणतात. काब म्हणजे भूशीर. वनवासात राम, सीता आणि लक्ष्मण इथे राहिले, अशी कथा. सोंदेकर राजांकडून हा किल्ला अठराव्या शतकात पोर्तुगीजांकडे गेला. त्यांनी आत सांत आंतोनीचं कपेल, म्हणजे छोटं चर्च, बांधलं, पुढे तुरुंग केला, १९५५पर्यंत चालवला. पण नाव रामाचंच ठेवलं! साऱ्या गोव्यात संतांची नावं वाटणाऱ्यांना हे एक भूशीर कसं सुटलं, याचं मला दरवेळी हसू येतं.

दरवाजासमोर कोरडा खंदक, आत पांढरंशुभ्र कपेल, झाडीत पडक्या भिंती, गंजून लाल झालेल्या तोफा. टोकाच्या बुरुजावरून मात्र समुद्रच समुद्र. आम्ही तिथे डबा उघडला आणि माकडाने पुरणपोळ्या उचलल्या. सगळ्या. आईने वर्षभरात एवढी शांतपणे कुठली चोरी सहन केली नसेल. "रामाच्या घरचा आहे तो," म्हणाली. मग आम्ही बिस्किटं खाल्ली आणि काणकोणच्या बाजारात खोला मिरची घ्यायची ठरवली. याच डोंगरउतारांवर पावसाच्या पाण्यावर होणारी ही मिरची. २०१९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं. आमच्या घरी तिच्याशिवाय हुमण, म्हणजे माशांची आमटी, लाल होत नाही.

थोरली बराच वेळ काही बोलली नव्हती. भिंतीवरून हात फिरवत फिरवत ती आजीजवळ आली.

"आजी, राम इथे नक्की कुठे बसत असेल?"

आता 'बघायला काही नाही' ऐकावं लागेल, अशी माझी खात्री होती. आईने उन्हाकडे बघितलं, मग भिंतीपलीकडच्या एका मोठ्या झाडाकडे बोट केलं.

"तिथे, सावलीत. भर दुपारी आणखी कुठे बसणार?"

थोरली तिकडे गेली आणि झाडाखाली बुंध्यापासून हातभर अंतर ठेवून बसली. मधली जागा तिने मोकळी सोडली होती. किल्ला बंद करायला रखवालदाराने शिट्टी वाजवली, तरी ती उठेना.