काउंटरवरच्या जुन्या कॉम्प्युटरचा डेस्कटॉप

नवी पेठेत किंवा चाटी गल्लीत रस्त्याकडे तोंड करून कॉम्प्युटर ठेवला असेल, तर त्याला काळी थीम लावू नका. सोलापूरचं ऊन समोरून आत येतं, काळ्या पडद्यावर गिऱ्हाइकाचा चेहरा दिसतो आणि बिलातले आकडे दिसत नाहीत. फिकट थीमच बरी.

विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. त्याऐवजी 4 जीबी रॅमच्या जुन्या मशीनवर लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम टाका, तिची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती छान चालते. त्यात थीम सेटिंग्जमध्ये दोन ठिकाणी बदलावी लागते, अपिअरन्समध्ये आणि विंडो मॅनेजरमध्ये. एकच बदलली की खिडकीची वरची पट्टी एका रंगाची आणि आतलं सगळं दुसऱ्या रंगाचं, असं विचित्र दिसतं.

अक्षर मोठं करायला अपिअरन्सच्या फॉन्ट्समध्ये डीपीआय, म्हणजे अक्षरांचा आकार ठरवणारा आकडा, 96 वरून 110 करा. एकदम 130-140 वर गेलात तर 1366×768 च्या पडद्यावर काही खिडक्यांचं ओके बटण खाली निघून जातं. तसं झालं तर ऑल्ट दाबून धरा आणि माउसने खिडकी वर ओढा. डीपीआयने पॅनेल, म्हणजे मेनू आणि घड्याळाची पट्टी, वाढत नाही. त्याची जाडी, म्हणजे रो साइझ, वेगळी ठरवायची, 36 पिक्सेल पुरते. पॅनेल लॉक करायला विसरू नका, गर्दीत हात लागून ते सरकतं. गायबच झालं तर ऑल्ट-एफ2 दाबून एक्सएफसीई4-पॅनेल हे नाव इंग्रजीत टाका: सगळी अक्षरं लहान, 4 नंतर आडवी रेघ.

मशीन रेंगाळत असेल तर विंडो मॅनेजर ट्वीक्समधलं कंपोझिटिंग, म्हणजे खिडक्यांची सजावट, बंद करा. सावल्या आणि पारदर्शकपणा जातो, व्हिडिओत कधी आडवी चीर दिसते. बिलाच्या कामाला त्याने काही अडत नाही.

मराठीसाठी कीबोर्डच्या लेआउट टॅबमध्ये ‘यूज सिस्टिम डिफॉल्ट्स’ आधी बंद करा, नाहीतर नवा लेआउट जोडताच येत नाही. मग इन्स्क्रिप्ट हा भारतीय भाषांचा कीबोर्ड लेआउट घ्या. ‘पांढऱ्या चादरी’ लिहिताना साधा र घेतला की ‘पांढर्या’ उमटतं, आणि छापील बिलावर ते फार खटकतं. ‘ऱ्य’ नीट यायला शिफ्ट-जे, मग डी, मग तिरकी रेघ दाबा.