सिनसिनाटीच्या परसातली फुटकी बाटली

त्यांनी ती बाटली मातीच्या ढिगावर भिरकावली आणि मी ओरडले, "अहो, थांबा!" मराठीतच ओरडले. तिघेही माझ्याकडे बघायला लागले. ढिगाशी जाऊन मी ती उचलली. वीतभरही लांबी नसलेली, समुद्राच्या पाण्यासारख्या फिकट निळसर हिरव्या काचेची, मान मोडलेली. अंगावर उठावाची अक्षरं होती, पण त्यांत काळी माती भरली होती. ओढणीच्या टोकाने ती पुसत मी तिथेच बसले.

अमेरिकेत मी सहा आठवडे होते. नायगारा पाहिला, न्यूयॉर्क पाहिलं, वॉशिंग्टनमध्ये पाय सुजेपर्यंत चालले. लिहावंसं वाटतंय ते मात्र एका शनिवारी एका जुन्या संडासाच्या खड्ड्याशेजारी जे पाहिलं त्याबद्दल.

भाचा सिनसिनाटीला असतो. त्याच्या ऑफिसातले एक गृहस्थ सुट्टीच्या दिवशी दोघा मित्रांना घेऊन जुन्या घरांच्या परसातले संडासाचे खड्डे खणून बाटल्या शोधतात, कारण तेव्हा घरातला कचराही त्याच खड्ड्यांत टाकत. "मावशी, तू नाक मुरडणार नसशील तर नेतो," असं तो म्हणाला. मी मुरडलं नाही. परसाकडे जाणं हा शब्द आपल्याकडे होताच की. त्या परसात जाऊन कुणी काय शोधत असेल, याची उत्सुकता होती.

जागा ओव्हर-द-ऱ्हाइन नावाच्या वस्तीत. एकोणिसाव्या शतकात इथे जर्मन लोक दाटीवाटीने राहायचे. वस्तीच्या कडेने बोटींचा कालवा होता, त्यालाच त्यांनी गमतीने ऱ्हाइन नदीचं नाव दिलं. कालवा कधीच बुजवला, आता त्यावरून मोठा रस्ता जातो. घर लाल विटांचं, उंच, अरुंद, १८७० च्या दशकातलं. मालक म्हणजे नुकतंच घर घेतलेलं एक तरुण जोडपं. त्यांनी खणायची परवानगी दिली होती, निघेल त्यातलं काही त्यांना द्यायचं आणि संध्याकाळी हिरवळ होती तशी परत लावायची या अटीवर. मला त्यांनी मेपलच्या सावलीत खुर्ची टाकून दिली आणि दर तासाला कुणीतरी येऊन विचारून जाई, ऊन लागतंय का, काही हवंय का. अमेरिकन लोक कोरडे असतात असं ऐकून गेले होते. त्या परसात तरी मला तसं मुळीच दिसलं नाही.

खड्डा शोधायची त्यांची रीत मला फार आवडली. आधी आगीच्या विम्यासाठी काढलेले सॅनबॉर्न कंपनीचे जुने नकाशे बघायचे. त्यांत विटांचं बांधकाम गुलाबी आणि लाकडाचं पिवळं रंगवलेलं असतं. परसाच्या टोकाला, कुंपणाला चिकटून एखादा इवलासा चौकोन दिसला की तिथे जायचं. मग आडव्या मुठीची पोलादी सळई जमिनीत रेटायची. घट्ट माती सळईला अडवते. खणलेली आणि पुन्हा भरलेली माती तिला आत घेते. राख लागली तर सळई करकरते आणि काच लागली तर मुठीपर्यंत एक बारीक टिक पोचते. त्यांनी मलाही सळई धरायला दिली. ती टिक माझ्या तळहाताला जाणवली आणि अंगावर शहारा आला.

सकाळी आठला खणायला सुरुवात झाली. तीन पायांची घोडी, तिला कप्पी, कप्पीला बादली. एक जण खाली, एक तोंडाशी, एक दोरावर. भिंत विटांची, गोल, आपल्या विहिरीसारखी. वरचे पाच-सहा फूट नुसती कोळशाची राख आणि विटांचे तुकडे, कारण नळाचा संडास आला की हे खड्डे हाताला लागेल त्याने भरून टाकत. त्याखाली खरा थर. दिवसभरात बारा फूट खोल गेले. कुणाला असं काही करायची हौस आली तर एवढंच सांगते, एकट्याने कधीही खड्ड्यात उतरू नका. दुपारी भिंतीतल्या दोन विटा सुटून पडल्या, तेव्हा खालच्या माणसाला वर खेचायला दोघे होते म्हणून निभावलं. माझ्या छातीतली धडधड मात्र नंतर कितीतरी वेळ थांबली नाही.

वास येत नाही. इतक्या वर्षांत सगळ्याची माती झालेली असते, काळपट हिरवी, भुसभुशीत, पावसानंतरच्या बागेसारखा वास असलेली. आणि तिच्यात बिया! चेरीच्या आठळ्या, रासबेरीच्या बारीक बिया, टरबुजाच्या बिया, ओंजळीओंजळीने. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी कुणीतरी उन्हाळ्यात पोटभर खाल्लेल्या फळांच्या बिया मी तळहातावर घेतल्या होत्या.

तो खड्डाही मधूनमधून उपसला जायचा. रात्री पिंपं आणि गाड्या घेऊन माणसं यायची. ते ऐकताना मला लालबागची आमची चाळ आठवली. मुंबईत असे खड्डे सापडायचे नाहीत, कारण आपल्याकडे मैला साठू द्यायचा नाही, रोज माणसाच्या डोक्यावरून न्यायचा, अशी व्यवस्था होती. म्युनिसिपालिटी त्यासाठी हलालखोर कर घ्यायची. दोन चाळींमधल्या घरगल्ल्या त्या माणसांनी मागच्या मागे यावं-जावं म्हणूनच ठेवलेल्या. त्याविरुद्धचा कायदा व्हायला १९९३ साल उजाडावं लागलं. इथे माणसं आपल्या हौसेने या खड्ड्यात उतरत होती, वर येऊन हात धुऊन सगळ्यांबरोबर सँडविच खात होती, आणि त्यांच्या शेजारी बसायला कुणी मागेपुढे बघत नव्हतं. त्यांचा मला हेवा वाटला आणि आपल्याकडच्या रीतीचा राग आला. तो राग अजून गेलेला नाही.

दुपारपर्यंत बादल्यांतून काय काय वर आलं. मातीच्या चिलमींच्या नळ्या, हाडाच्या मुठीचा दातांचा ब्रश, चिनी मातीची हात चिकटलेली बाहुली, कपबशांच्या कपच्या. मग सिनसिनाटीच्याच एका सोडावाल्याची जाड काचेची अख्खी बाटली निघाली आणि तिघांनी असा जल्लोष केला की शेजारचे लोक कुंपणाशी आले. काच कशी वाचायची ते तेव्हाच मला शिकवलं. बुडाला काच घडवताना चिकटवलेली सळई तोडल्याचा खरबरीत व्रण असेल तर बाटली साधारण १८६० च्या आधीची. अंगावरची साच्याच्या जोडाची रेघ ओठाच्या खालीच थांबत असेल तर ओठ हाताने घडवलेला. रेघ थेट ओठावरून गेली असेल तर ती यंत्राची, म्हणजे १९०३ नंतरची. मी त्यांना आपल्या गोटी सोड्याबद्दल सांगितलं. हायरम कॉड नावाच्या इंग्रजाची ती १८७० च्या दशकातली बाटली त्यांना पुरती ठाऊक होती, पण ती भारतात आजही रोज फुटते, म्हणजे फट्‌ आवाज करून उघडते आणि लोक मसाला घालून पितात, हे ऐकून थोरले खोदणारे चकित झाले. गोटीसाठी लहानपणी बाटल्या फोडल्याचंही मी कबूल केलं.

आणि मग ती बाटली.

अक्षरं मोकळी झाली तसं मी मोठ्याने वाचलं: मिसेस विन्सलोज सूदिंग सिरप. "ती ना, किती निघतात!" दोरावरचे गृहस्थ म्हणाले. "अख्खी असली तरी पाच-दहा डॉलरला कुणी घेत नाही, आणि ही तर फुटकी." त्यांच्यातले तिसरे इतिहासाचे मास्तर होते. त्यांनी बाकीचं सांगितलं. मेन राज्यातल्या बँगर गावी १८४९ मध्ये हे औषध निघालं. दात येताना रडणाऱ्या बाळांसाठी. त्यात मॉर्फिन आणि मद्य होतं. आयांना ते ठाऊक नसे, कारण बाटलीवर लिहायची सक्तीच नव्हती. ती १९०६ च्या कायद्याने आली. पुढे १९११ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या संघटनेने हे औषध बाळांचे जीव घेणाऱ्या औषधांत मोजलं.

म्हणजे बाळगोळी. मी हे भाच्याला मराठीत म्हणाले. त्याला शब्द माहीत नव्हता.

माझी आजी लालबागच्या गिरणीत वायंडिंग खात्यात होती. भोंगा झाला की जायचं, दिवस मावळता परत. अंगावरचं मूल खोलीत शेजारणीकडे किंवा कुणा म्हातारीकडे. त्याने दिवसभर झोपून राहावं म्हणून जायच्या आधी गोळी उगाळून चाटवायची. त्या गोळीत अफू असे. गिरणगावात हे घरोघर चालायचं. आजी मला हे सांगायची ती एखाद्या पाककृतीसारखं, आवाज न बदलता, आणि शेवटी म्हणायची, "रडू देऊन कसं चाललं असतं?"

मी खुर्ची सोडली आणि ढीग चिवडायला बसले. त्याच थरातून अशा चार बाटल्या निघाल्या होत्या, दोन अख्ख्या, दोन फुटक्या. त्यांच्याच आसपास पांढरी चिनी मातीची बटणं. मी वेचत गेले, साठाच्या वर झाली, सगळी एका मापाची. एका घरच्या कपड्यांना एवढी सारखी बटणं लागत नाहीत. सिनसिनाटीत तेव्हा तयार कपड्यांचा मोठा धंदा होता आणि बायका घरी नगावर शिवण करायच्या. माझ्या मनाने तिथे एक बाई बसवली, खिडकीशी, दिव्याला वात कमी, मांडीवर सदरा, आणि पाळण्यातलं मूल उठू नये म्हणून चमचाभर औषध. हा माझा अंदाज आहे, पुरावा म्हणून माझ्याकडे चार बाटल्या आणि बटणं एवढंच.

संध्याकाळी माती परत लोटायला लागले तेव्हा कपच्या, हाडं, बटणं सगळं तिच्याबरोबर खाली चाललं. मी मनातलं बोलले. म्हटलं, हे असं टाकू नका, कोणत्या थरात काय होतं ते निदान लिहून तरी ठेवा, एकदा मिसळलं की त्या बाईचं काहीच उरणार नाही. थोरल्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, आम्ही नसतो आलो तर पुढच्या वर्षी इथे गाड्या लावायला काँक्रीट पडणार होतं. तेही खरंच होतं. तरी मला ते पटलं नाही, आजही पटत नाही. फुटकी बाटली आणि बटणं त्यांनी मला आनंदाने दिली, वर रुमालात बांधूनही दिली.

पुढच्या आठवड्यात परतीच्या विमानाआधी फिलाडेल्फियात दोन दिवस मैत्रिणीकडे होते. तिथे थर्ड आणि चेस्टनट रस्त्याच्या कोपऱ्यावर अमेरिकन क्रांतीचं संग्रहालय आहे, २०१७ मध्ये उघडलेलं. इमारत बांधण्याआधी पुरातत्त्वज्ञांनी ती जागा खणली, तेव्हा जुन्या घरांच्या संडासांचे विटांचे खड्डे लागले, आणि कपच्या धरून ऐंशी हजारांच्या वर वस्तू निघाल्या. त्यातला एक मोठा वाडगा. आत निळं जहाज रंगवलेलं, त्याखाली ट्रायफेना या जहाजाला यश चिंतणारी ओळ. हा वाडगा तुकड्यातुकड्यांनी निघाला आणि तुकड्यातुकड्यांनी जोडला. ज्या खड्ड्यात तो होता तो हम्फ्रीज कुटुंबाचा. दारू पिण्याची इतकी भांडी तिथे निघाली की घरात गुत्ता असावा असं दिसलं, आणि कागदपत्रांत सापडलं की त्या घरच्या मेरी हम्फ्रीजला १७८३ मध्ये घरात असलाच उद्योग चालवल्याबद्दल पकडलं होतं. कपच्या फेकल्या असत्या तर मेरी हम्फ्रीजची कुणी आठवण काढली नसती. वाडग्याच्या सांध्यांवरच्या रेघा बघत मी तिथे बराच वेळ उभी होते. मैत्रीण दोनदा बोलवायला आली.

रात्री आईला फोन केला. ती चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. बाटलीचं सांगितलं, बटणांचं सांगितलं. ती काही बोलेना. फोन कट झाला असं मला वाटलं. मग म्हणाली, "आमच्याकडे ती डबी देवळीत असायची. माझ्याआधी एक भाऊ होता मला. आई त्याचं नाव घेत नसे." मला हे साठ वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. मी नाव विचारलं. तिने सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही.

घरी आल्यावर बॅग उघडायच्या आधी तो रुमाल तिच्या हातात दिला. तिने बटणं एकेक करून मोजली. बाटली उजेडात धरली, मोडलेल्या मानेच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि मला विचारलं, "त्या बाईची किती पोरं जगली, ते कळलं का गं?"