नाव माझं, मधलं यांचं, आडनाव माहेरचं

संगणक टायपिंगचं प्रमाणपत्र हातात आलं तेव्हा मी आधी ‘उत्तीर्ण’ शोधलं. ते सापडलं. मग नाव वाचलं. पहिलं नाव माझं, मधलं यांचं आणि आडनाव माहेरचं. अशी बाई कोल्हापूर जिल्ह्यात काय, पृथ्वीतलावर नाही.

गेली चौदा वर्षं मी एका वकीलसाहेबांच्या ऑफिसात टायपिंगला आहे. टायपिंगला म्हणायचं एवढंच. दावा, कैफियत, मनाई अर्ज, दरखास्त टाइप करायची, तारखांची डायरी सांभाळायची, निशाण्या म्हणजे पुराव्याच्या कागदांना नंबर लावायचे, ग्रास या सरकारी वेबसाइटवर कोर्ट फी भरायची, ई-फायलिंगला पीडीएफ चढवायची आणि सकाळी आठला आलेल्या पक्षकाराला चहा पाजून थोपवून धरायचं, हे सगळं त्या ‘टायपिंग’मध्ये येतं. दुसऱ्यांच्या चुका पकडणं हा माझा धंदा. जमिनीच्या चतुःसीमेत पूर्वेचा शेजारी पश्चिमेला गेला तर तो मला दिसतो. सात-बारावर ‘ज्ञानू’ आणि खरेदीपत्रात ‘ज्ञानदेव’ असेल तर ‘ज्ञानू ऊर्फ ज्ञानदेव’ करायचं साहेबांच्या आधी मला सुचतं. आणि माझ्याच फॉर्मवर मी न वाचता सही ठोकली. हे आधीच कबूल करते, म्हणजे पुढची कटकट एकतर्फी वाटायला नको.

प्रमाणपत्राची गरज कुठून पडली? टायपिंग मी ऑफिसातच शिकले, आमच्या अण्णांच्या हाताखाली. अण्णा म्हणजे आमचे जुने कारकून. गोदरेजच्या मराठी मशीनवर त्यांची बोटं अशी चालायची की शेजारच्या ऑफिसातल्यांना पाऊस आल्यासारखं वाटायचं. कागद काही नव्हता. २०२३ च्या डिसेंबरात जिल्हा न्यायालयांतल्या स्टेनो, कनिष्ठ लिपिक आणि शिपाई पदांची मोठी भरती निघाली, तेव्हा जाहिरात मीच साहेबांना वाचून दाखवली. टायपिंगचं सरकारी प्रमाणपत्र पाहिजे, तिथंच माझी गाडी अडली. साहेब म्हणाले, “अगं, तू प्रमाणपत्र आण, मीच पगार वाढवतो.” दोन साक्षीदार होते, अण्णा आणि एक पक्षकार.

टायपिंगची ही परीक्षा महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद, पुणे घेते, पण फॉर्म मान्यताप्राप्त टायपिंग संस्थेमार्फतच भरावा लागतो. मी घरापासून जवळची एक संस्था धरली. सहा महिने संध्याकाळी सातची बॅच. वस्तुनिष्ठ प्रश्न, ई-मेल, पत्र, तक्ता आणि सात मिनिटांचा गतीचा उतारा. उताऱ्याचं मला काही वाटलं नाही. मला घाम फोडला तो तक्त्यानं. ऑफिसात एक्सेल कोण उघडतंय! मराठी ४० ला, म्हणजे मिनिटाला ४० शब्दांच्या परीक्षेला, बसणाऱ्यांनी तक्त्याचा सराव आधी करावा, गती आपोआप येते. परीक्षा झाली, पास झाले, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

सांगायचं आहे ते नावाचं.

फॉर्म भरताना संस्थेतल्या मुलीच्या टेबलावर माझं दहावीचं प्रमाणपत्र आणि आधार कार्ड शेजारी शेजारी होतं. दहावीवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. तिनं पहिलं नाव आणि आडनाव दहावीवरून घेतलं, मधलं आधारवरून. प्रिंट माझ्यापुढं धरली, “ताई, बघून सही करा.” त्या दिवशी मनाई अर्जाची तारीख होती, कसबा बावड्याला न्यायसंकुलात शपथपत्र पोचवायचं होतं, अकरा वाजले होते. मी सही केली. रोज दहा माणसांकडून ‘वरील मजकूर मी वाचून पाहिला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे’ याखाली सही घेणारी मी!

हॉलतिकिटावर चूक दिसली होती. परीक्षेला चार दिवस होते. संस्थेचे सर म्हणाले, “आता हात लावू नका ताई, परीक्षा देऊन टाका, नंतर एका अर्जात होतंय.” नंतर एका अर्जात होतंय, हे वाक्य ऐकलं की तिथल्या तिथं तो अर्ज लिहून घ्यायचा. मी नाही घेतला.

प्रमाणपत्र घेऊन गेले तर सर म्हणाले, “गॅझेट करून आणा.” मी म्हटलं, सर, राजपत्र नाव बदलायला. मी नाव बदललेलं नाही, तुमच्या इथं चुकलंय. लग्नाआधीचं नाव दहावीवर आहे, नंतरचं आधारवर आहे आणि दोन्ही नावांची बाई एकच, याला विवाह नोंदणीचा दाखला आहे. या तिसऱ्या नावाचा एकही कागद जगात नाही, मग कशावरून कशावर बदलू? सर थोडा वेळ पंख्याकडं बघत बसले. मग म्हणाले, “बरं, कागद ठेवून जा. संस्थेच्या लेटरहेडवर पत्र काढून पुण्याला पाठवतो.”

मी कागद ठेवून गेले. पोच घेतली नाही. ही दुसरी चूक.

पुढचे तीन महिने मी त्या जिन्यानं किती वेळा चढले ते मोजलेलं नाही. सर बाहेर गेलेत. सर लग्नाला गेलेत. सर आत्ताच गेले, जिन्यात भेटले नाहीत का? एकदा सर होते, तर म्हणाले, “ताई, तुमचंच काम डोक्यात आहे.” फोन केला तर बॅचचा आवाज, सगळ्या कीबोर्डांचा, आणि मध्येच कट. आमच्या ऑफिसात तारीख पडते तीसुद्धा लिहून मिळते. इथं नुसतं ‘पुढच्या आठवड्यात’.

त्यातच १७ ऑगस्ट २०२५ ला कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचं, म्हणजे इथं बसणाऱ्या खंडपीठाचं, उद्घाटन झालं. सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत दुसऱ्या दिवसापासून कामकाज. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सहा जिल्ह्यांच्या फायली भाऊसिंगजी रोडवर. चाळीसेक वर्षं ज्यासाठी वकील भांडले ते झालं, त्याचा आनंद मलाही झाला, पण कामाचं सांगते. आधी हायकोर्टाचं म्हटलं की अण्णा महालक्ष्मी एक्सप्रेसनं फाइल घेऊन मुंबईला जायचे आणि पुढचं तिथलं ऑफिस बघायचं. आता सायनॉप्सिस म्हणजे खटल्याचा सारांश, तारखांची यादी, मराठी निशाण्यांची इंग्रजी भाषांतरं, पानांचे नंबर, सगळं आमच्याच टेबलावर. बाहेरच्या वकिलांनीही इथं ऑफिसं थाटली आणि त्यांना माणसं पाहिजेत. दोघांनी मला विचारलं. पहिला प्रश्न, “सर्टिफिकेट आहे?” मी म्हणायची, आहे, पण दुसरीच्या नावावर.

एक राहिलंच, प्रमाणपत्राला लॅमिनेशन करू नका. दुरुस्तीला मूळ प्रत द्यावी लागते. माझ्या बॅचच्या एकीनं हौसेनं केलं होतं, ती ब्लेडनं कडा सोलत बसली होती. आणि फॉर्म दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणंच भरा, लग्न झालेलं असलं तरी. सासरच्या नावासाठी विवाह नोंदणीचा दाखला जोडता येतो.

चुका काय, माझ्याकडूनही होतात. १ जुलै २०२४ ला नवे फौजदारी कायदे आले तेव्हा अटकपूर्व जामिनाचं जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४३८ जाऊन नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४८२ आलं. त्यात गंमत अशी की जुन्या संहितेत ४८२ म्हणजे हायकोर्टाचे अंगभूत अधिकार, म्हणून जुन्या माणसांची जीभ अजून अडखळते. मी हुशारीनं सगळ्या नमुन्यात ‘४३८ च्या जागी ४८२’ एका फटक्यात करून टाकलं. एका अर्जात गुन्हा रजिस्टर नंबरच ४३८ होता. तोही ४८२ झाला. साहेबांनी लाल पेनानं गोल केला आणि काही बोलले नाहीत. ते न बोलणं मला अजून आठवतंय. पण ती चूक मी दहा मिनिटांत दुरुस्त करून दिली, तीन महिने लावले नाहीत.

शेवटी एका शनिवारी मी ऑफिस सुटल्यावर थेट गेले आणि सरांच्या समोर खुर्ची ओढून बसले. म्हटलं, पत्र गेलं का नाही ते दाखवा, आज मी हलत नाही. सरांनी ड्रॉवर उघडला. माझे कागद वरच होते, टाचणीसकट, जसे ठेवून गेले होते तसे. सर हळू आवाजात म्हणाले, “ताई, खरं सांगू का? पत्र लिहिणारे आमचे देशपांडे सर गेले सोडून. मराठीत असलं कार्यालयीन पत्र नीट जमत नाही हो आम्हाला.”

टायपिंग इन्स्टिट्यूट! भिंतीवर कीबोर्डचा तक्ता, आत पोरं उतारे बडवतायत आणि एक पत्र टाइप करायला माणूस नाही.

मला रागवायचं होतं, ते राहून गेलं. मी म्हटलं, लेटरहेड द्या. चार नंबरच्या मशीनवर बसले, जिथं सहा महिने बसत होते. विषय, संदर्भ, महोदय. संस्थेकडून आवेदनपत्र भरताना अनवधानाने झालेली चूक, चुकीचं नाव, बरोबर नाव, सोबत जोडलेल्या कागदांची यादी, सबब दुरुस्ती होऊन मिळावी. अकरा मिनिटं लागली. दोन प्रती काढल्या, सही-शिक्का घेतला, माझ्या प्रतीवर तारखेसह पोच लिहून घेतली. पाकीटही मीच तिथं चिकटवलं आणि सोमवारी सकाळी पोस्टात स्पीड पोस्ट करून पावती डायरीत लावली.

उठत होते तेवढ्यात सर म्हणाले, “ताई, अजून दोन मुलांची अशीच राहिलीयेत. तेवढी करता का?” केली. त्यात एका मुलाच्या आईचं नाव चुकलं होतं, एकाची जन्मतारीख. त्यांचे कागद किती महिने पडून होते ते विचारलं नाही.

दुरुस्त प्रमाणपत्र आलं तेव्हा मी पट्टी ठेवून ओळ ओळ वाचलं, चतुःसीमा वाचते तसं. पहिलं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, आईचं नाव, बैठक क्रमांक. सगळं बरोबर. त्याच्या झेरॉक्स काढल्या आणि एक साहेबांच्या टेबलावर काचेखाली सरकवली.

साहेबांनी चष्मा लावून बघितलं. म्हणाले, “झकास. आता इंग्रजी ४० पण करून टाक, बेंचला लागतंय.” मी म्हटलं, साहेब, ते पगाराचं? म्हणाले, “पुढच्या महिन्यापासून.”

हे दोन महिन्यांपूर्वीचं. अण्णा साक्षीला तयार आहेत.