तुम्ही विचारलंत म्हणून: लग्नांच्या कमाईतली ती लेन्स

‘जी लेन्स लग्नाच्या एकाही कामात लागत नाही, ती लग्नांच्या कमाईतून का घेतलीत?’ हे मला इतक्यांनी विचारलंय की आता एकदाच नीट लिहून टाकतो. लग्नांचे फोटो काढणं हे माझं काम, आणि ही लेन्स घेतली ती जंगलातल्या प्राणी-पक्ष्यांसाठी.

आधी सोपं उत्तर. माझ्या जुन्या १५०-६०० झूमचं ॲपर्चर, म्हणजे उजेड आत सोडणारं भोक, ६०० मिलिमीटरला एफ/६.३ पेक्षा जास्त उघडत नाही (एफचा आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त). ही ६०० एफ/४ प्राइम, म्हणजे झूम न होणारी लेन्स, त्याच्या अडीचपट उजेड आत घेते. प्राणी-पक्षी हलतात ते पहाटे आणि तिन्हीसांजेला. तिथे प्राइमला आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाबाबतची संवेदनशीलता) ६४०० पुरतो, तर झूमला १६००० लागतो आणि पिसांचा पोत नॉइजच्या दाण्यांत बुडतो. आता तुमचं म्हणणं. लेन्स तीन किलोच्या आसपास, चार मीटरच्या आत फोकस होत नाही, हॉलमध्ये तिचा काहीच उपयोग नाही. मान्य. लग्नाला ३५, ८५ आणि ७०-२०० मिलिमीटरच्या लेन्स पुरतात. ‘माझे पैसे, माझी लेन्स,’ असं मी बरीच वर्षं चिडून सांगत आलो.

पण ते पैसे नुसते कमाईचे नव्हते. कमी पडले तेव्हा मी दोन मेमरी कार्डं बसणारी कॅमेऱ्याची बॉडी विकली. प्रत्येक फोटो एकाच वेळी दोन्ही कार्डांवर जायचा, तीच ती. हाताशी जुनी राहिली, एका कार्डाची. आजवर माझं एकही कार्ड गेलं नव्हतं. पुढच्या सीझनला दुसरी बॉडी घेऊ, असं ठरवलं.

मधल्या काळात एक लग्न होतं. नवऱ्या मुलाच्या धाकट्या भावाला ऐकू येत नाही. जेवणाआधी तो उभा राहिला आणि सांकेतिक भाषेत भावाविषयी बोलला. शेजारी बहीण सगळ्यांना अर्थ सांगत होती. व्हिडिओ त्यांनी ठेवलाच नव्हता, त्यांना फक्त फोटो हवे होते. मी ८५ लावून गुडघ्यावर बसलो. हात छातीपासून सुटून भावाकडे जायचे, मध्येच थांबायचे. शंभरेक फ्रेम्स घेतल्या असतील. मग स्क्रीनवर आलं, कार्ड वाचता येत नाही.

कार्ड तसंच बाजूला ठेवलं, नवीन घातलं, पुढचं काम केलं. रात्री रिकव्हरी सॉफ्टवेअर लावलं. त्या भाषणाच्या अकरा फाइल्स परत आल्या, सगळ्या अर्धवट. जेपीजी वरून खाली उघडत जाते, त्यामुळे प्रत्येकीत वर त्याचा चेहरा होता, खाली राखाडी पट्टा. हात एकाही फोटोत नाहीत. जो माणूस हातांनी बोलला, त्याचे हातच नाहीत. त्या अकरा फाइल्स मी अजून पुसलेल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी फोन केला. नवरी शांतपणे म्हणाली, “दुसरं कार्ड नव्हतं का?” मी म्हणालो, “ह्या कॅमेऱ्यात एकच बसतं.” शब्द न् शब्द खरा होता. तरी मी खोटं बोललो, हे फोन ठेवण्याआधीच कळलं होतं.

मानधन त्यांनी मागितलं नव्हतं, मी सगळं परत केलं. कार्ड कुणाचंही जाऊ शकतं, हे मी आजही म्हणतो, आणि ते बरोबरच आहे. फक्त ते माझं उत्तर नाही.

पूर्वी मी सगळ्यांना सांगायचो की जंगलानं मला थांबायला शिकवलं, म्हणून माझे लग्नाचे फोटो चांगले येतात. त्यात तथ्य आहे. पण खंड्या आज हुकला तर उद्या त्याच फांदीवर येऊन बसतो. जंगलात हुकण्याची सवय होते, तिचा त्रास होत नाही. ती सवय घेऊन मी लग्नात उभा होतो का? कधी वाटतं, हो. कधी वाटतं, एका बिघडलेल्या कार्डासाठी मी उगाच स्वतःवर खटला चालवतोय.

दोन कार्डांची बॉडी परत घेतली. तिच्याशिवाय काम घेत नाही. लेन्स विकली का, हेही विचारता. नाही विकली. विकायला म्हणून तिचे फोटो काढले होते, ते तसेच पडून आहेत. गेल्या आठवड्यातही पहाटे ती घेऊन गेलो, आणि व्ह्यूफाइंडरला डोळा लावल्यावर मला नेहमीसारखाच आनंद झाला.

त्या दोघांना लेन्सचं मी अजून सांगितलेलं नाही.