आधी कापूस काढा, मग कार्ड

सोलापुरात अशोक चौकाच्या अलीकडे माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. आजूबाजूला टॉवेल-चादरींचे कारखाने, त्यामुळे गिऱ्हाईकही बरंचसं तिथलंच. मे महिन्यातल्या भर दुपारी, पारा ४३च्या पुढे गेलेला असताना, बारावी संपवलेला एक पोरगा स्कूटीवर पायांत कॅबिनेट धरून आला.

"काका, ह्यात आरएक्स ६५०० एक्सटी ग्राफिक्स कार्ड बसवून द्या. जीटीए ५ गेम असंही रडतखडत चालतंय, आणि दहा मिनिटं झाली की पार अडकतंय."

दहा मिनिटं म्हटल्यावर मी कान टवकारले. नुसत्या कार्डाचीच उणीव असती तर गेम पहिल्या मिनिटापासून एकसारखा रखडला असता. थोड्या वेळानं बिघडतंय म्हणजे काहीतरी तापतंय.

आत आय५-३४७० प्रोसेसर, एच६१ मदरबोर्ड, ४ जीबीची एकच रॅम आणि जुनी हार्डडिस्क. प्रोसेसर २०१२चा, पण टाकाऊ नव्हे. जीटीए ५ बनवणाऱ्यांनी शिफारस केलेल्या प्रोसेसरमध्ये नेमकं हेच नाव आहे. पोराला ते दाखवलं तर त्याचा विश्वासच बसेना.

झाकण काढलं आणि दोघंही गप्प झालो. प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या हीटसिंकच्या पात्या दिसतच नव्हत्या. टेरी टॉवेलचा तुकडा मापात कापून बसवावा तसा कापसाच्या तंतूंचा जाड थर. हे मशीन पोराच्या वडिलांच्या कारखान्याच्या ऑफिसात होतं, मागांपासून एका खिडकीच्या अंतरावर. पंखा वर्षानुवर्षं तेच सूत आत ओढत होता.

साफ करण्याआधी मुद्दाम तसंच चालू करून लोड, म्हणजे जड काम, दिला. तापमान शंभरीला टेकलं आणि ३.२ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर १.६ वर उतरला. जळू नये म्हणून तो स्वतःच वेग कमी करतो. ह्या अवस्थेत महागडं कार्ड लावलं असतं तरी अडखळणं तेवढंच राहिलं असतं.

बाहेर नेऊन कॉम्प्रेसरनं हवा मारली. पंख्याचं पातं बोटानं धरून, कारण हवेच्या जोरानं पंखा भलताच फिरला तर बेअरिंग जातं. हवेच्या टाकीतलं पाणीही आधी सोडावं लागतं, नाहीतर बोर्डावरच फवारणी. प्रोसेसर आणि हीटसिंकमधली, वाळून भुकटी झालेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावली. पुन्हा लोड दिला, तापमान सत्तरच्या आसपास थांबलं.

एवढ्यात पोराचे वडील आले. घरात तेलुगू बोलणारे, माझ्याशी मराठीत. मी कापसाचा गोळा हातात दिला. त्यांना प्रोसेसर वगैरे काही सांगावं लागलं नाही.

"मागाच्या मोटारींना रोज हवा मारायला लावतो मी," ते म्हणाले, "आणि ह्याला? दिवाणजी वरून फडकं मारतोय नुसतं!"

आता कार्डाचा विषय. ६५०० एक्सटीला बोर्डाशी बोलायला चारच लेन, म्हणजे माहितीच्या वाटा, असतात. नव्या बोर्डावर चालून जातं, जुन्यावर मार खातं. शिवाय त्याला एसएमपीएसकडून, म्हणजे आतल्या वीजपुरवठ्याच्या डब्याकडून, वेगळी ६ पिनची केबल लागते, आणि ह्याच्यात ती नव्हतीच. एसएमपीएसवर ४५० वॅट छापलेलं, पण हातात घेतलं तर पोकळ, आतही कापूस. मी असल्या स्टिकरवर विश्वास ठेवत नाही. कापूस, गरम कॉइल आणि आपल्याकडचं खालीवर होणारं व्होल्टेज म्हणजे आगीला आमंत्रण.

म्हणून चांगल्या कंपनीचा नवा एसएमपीएस, ४-४ जीबीच्या दोन जुळ्या रॅम, हार्डडिस्कच्या जागी वेगवान एसएसडी, आणि उरलेल्या पैशात वापरलेलं जीटीएक्स १६५० कार्ड. ते ७५ वॅटचं, स्लॉटमधूनच वीज घेणारं मॉडेल शोधून आणलं. एच६१वर एसएसडी अर्ध्याच वेगानं पळते हे खरं, पण जुन्या हार्डडिस्कपुढे तेही भरपूर.

एसएमपीएसवरून वडिलांनी घासाघीस केलीच. "चालू वस्तू कशाला टाकायची?" मी जुना उघडून फुगलेले कपॅसिटर दाखवले, तेव्हा पाकीट निघालं. पुढे पोराचा मॉनिटर निघाला फक्त व्हीजीए ह्या जुन्या जोडणीचा, आणि १६५०ला व्हीजीए नसतंच. कन्व्हर्टरचे पैसे पुन्हा वेगळे. ह्या वेळी ते काही बोलले नाहीत, नुसतं माझ्याकडे पाहिलं.

जीटीए सुरू झाला. पोरगा अर्धा तास खुर्चीवरून हलला नाही, गेमही कुठे अडकला नाही. वडील मागे उभे राहून बघत होते. मशीन बंद करून पुन्हा लावलं तर चहाचा घोट घेईपर्यंत विंडोज उघडलेलं.

"भाऊ, ह्याच्यावर टॅली पण असंच पळतंय का?"

"पळंल की, मालक."

"मग हे ऑफिसातच राहू दे."

पोराचं तोंड बघण्यासारखं झालं. ऑफिसात ठेवलं तर वर्षभरात पुन्हा कापूस भरेल, हे मीच सांगितलं तेव्हा कुठे तडजोड झाली: मशीन वरच्या मजल्यावर, दिवसा दिवाणजी, रात्री आठनंतर पोरगा. दिवाणजींना जिना चढायला लागणार म्हणून त्यांनी मला दुसऱ्याच दिवशी फोन करून ऐकवलं.