माझ्या वॉटरवर्क्सचं काहीतरी बिनसलंय

डिस्चार्जचं पत्र लिहायचं होतं. न्यूमोनियातून उठलेल्या एका आजोबांना नर्सिंग होममध्ये पाठवायचंय, तिथल्या नर्सला त्यांची माहिती द्यायचीय, असा प्रश्न. कळव्याच्या ब्रदरनं शेवटच्या परिच्छेदात लिहिलं होतं, 'द पेशंट इज नाऊ आउट ऑफ द वूड्स अँड फिट ॲज अ फिडल.' म्हणजे धोक्याबाहेर आणि एकदम ठणठणीत. त्या ओळीखाली पेन्सिलीनं रेघ मारून त्यानं वही माझ्यापुढे धरली. चेहऱ्यावर इतकं समाधान, की लाल पेनाचं टोपण काढायचा जीव होईना.

मी दादर पश्चिमेला एका क्लासमध्ये नर्सेसना ओईटी शिकवते. ऑक्युपेशनल इंग्लिश टेस्ट. परीक्षा मूळची ऑस्ट्रेलियातली, आरोग्यक्षेत्रातल्या बारा व्यवसायांसाठीची. ब्रिटनमध्ये नर्सेसची नोंदणी करणाऱ्या नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिलनं २०१७ पासून ती धरायला सुरुवात केली. वाचणं, ऐकणं आणि बोलणं यांत ५०० पैकी ३५० लागतात, लेखनात ३०० चालतात. तेवढे मिळाले की पुढची कागदपत्रं. माझ्याकडे येणारे बहुतेक जण युरोपच्या मोजपट्टीवर बी-टू, म्हणजे मध्यमाच्या जरा वरच्या, पातळीचे असतात. डॉक्टरांशी इंग्रजीत बोलतात, पेपर इंग्रजीत भरतात, कुठं अडत नाहीत. पण त्याच पायरीवर वर्षानुवर्षं उभे. मग कुणीतरी सांगतं, इडियम्स, म्हणजे वाक्प्रचार, पाठ कर, इंग्रजी एकदम वरचं वाटेल. व्हॉट्सॲपवर शंभर इडियम्सची एक पीडीएफ फिरते, तिचा कर्ता कोण देव जाणे. पहिल्याच पानावर 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज'. ते बाहेर कुणी बोलताना मी फारसं ऐकलेलं नाही. क्लासमध्ये मात्र जून उजाडला की रोज.

ब्रदरला मी सांगितलं, 'आउट ऑफ द वूड्स' चुकीचं नाही. आयसीयूच्या दारात मुलगी रडत उभी असेल आणि डॉक्टर तिला म्हणाले, 'शी इजन्ट आउट ऑफ द वूड्स यट', तर बरोबर. पण पत्र एका नर्सकडून दुसऱ्या नर्सला जातंय. तिला ऑक्सिजन किती, ताप कधी उतरला, अँटिबायोटिक किती दिवस राहिलंय हे हवंय. फिडल, म्हणजे सारंगी, हवीय कशाला? त्यानं ओळ खोडली, पण मनाविरुद्ध. पीडीएफमधून काहीच वापरायचं नाही तर पाठ कशाला केली, हा प्रश्न त्याच्या तोंडावर स्पष्ट होता. प्रश्न रास्तच होता.

त्याचं उत्तर त्याच संध्याकाळी मिळालं, आणि ते मी दिलं नाही.

जुलै होता, सेंट्रलच्या गाड्या रखडत होत्या, अर्धी बॅच ओल्या छत्र्या घेऊन उशिरा आली. रोल-प्लेचा दिवस. परीक्षेत असे दोन असतात, प्रत्येकी पाच मिनिटांचे. समोरचा माणूस पेशंट होतो किंवा नातेवाईक. मार्क तो देत नाही, बोलणं रेकॉर्ड होऊन दुसरीकडे तपासलं जातं. माझ्या क्लासात पेशंट मीच. त्या दिवशी मी अठ्ठ्याहत्तर वर्षांची इंग्लिश बाई होते, घरात पडून खुब्याचं हाड मोडलेली. ब्रदर पहिला आला. मी आवाज बारीक केला आणि म्हटलं, 'आय डोन्ट वॉन्ट टू बी अ बॉदर, लव्ह, बट आय नीड टू स्पेंड अ पेनी.'

ब्रदर क्षणभर थांबला. मग तिकडची सरकारी आरोग्यसेवा, एनएचएस, आठवून अगदी नम्रपणे म्हणाला, 'नो पेमेंट इज रिक्वायर्ड, मॅडम. एनएचएस इज फ्री.'

वर्ग कोसळला. तोही हसला, पण का हसतायत ते त्याला कळलं नव्हतं. सांगितलं. १८५१ साली लंडनच्या हाइड पार्कात, क्रिस्टल पॅलेसमध्ये मोठं प्रदर्शन भरलं होतं. तिथं जॉर्ज जेनिंग्ज नावाच्या माणसानं लोकांसाठी संडास बसवले आणि आत जायला एक पेनी ठेवली. पुढे तिकडच्या सार्वजनिक संडासांच्या दारांना पेनी टाकून उघडायची कुलपंच आली. म्हणून लघवीला जायचं म्हणजे पेनी खर्च करायची. तरुण पोरं आता असं बोलत नाहीत, पण वॉर्डात तरुण पोरं असतात किती? मागून कुणीतरी 'सुलभ!' असं ओरडलं.

नंतर डोंबिवलीच्या सिस्टर आल्या. परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात फिमेल मेडिकल वॉर्डात मुरलेल्या. बॅचमध्ये वयानं सगळ्यांत मोठ्या, आणि व्याकरणात सगळ्यांत कच्च्या. पीडीएफ त्यांनी उघडलीसुद्धा नव्हती. मी वाक्य बदललं: 'माय वॉटरवर्क्स आर प्लेइंग अप.'

वॉटरवर्क्स म्हटल्यावर मुंबईकराला काय दिसणार? महापालिकेचं पाणीखातं. ब्रदर तर हळूच म्हणालाच, 'पाइप फुटला असेल.' सिस्टरनाही शब्द माहीत नव्हता, ते दिसत होतं. पण त्यांनी मान तिरकी केली, खुर्ची पुढे ओढली आणि विचारलं, 'इज इट पेनिंग? यू शो मी विथ हँड, व्हेअर.' मी ओटीपोटावर हात ठेवला. 'व्हेन यू गो टॉयलेट, बर्निंग इज देअर?' आहे म्हटलं. 'फ्रॉम हाऊ मेनी डेज? कलर हाऊ इज?' थंडी वाजते का, रात्री किती वेळा उठावं लागतं, हेही विचारलं. मिनिटभरात त्या युरिन इन्फेक्शनपर्यंत पोचल्या. व्याकरणाचे तुकडे जमिनीवर पडले होते, पण माझ्यासारख्या खोट्या पेशंटलासुद्धा वाटलं की ही बाई आता आपलं बघेल.

थांबवून विचारलं, 'तुम्हाला कळलं कसं?'

'कुठं कळलं मॅडम,' त्या म्हणाल्या. 'आमच्याकडे काय वेगळं आहे?' आणि त्यांनी एक केस सांगितली. सिंधुदुर्गातल्या एक मावशी वॉर्डात आल्या होत्या. सारखं एकच सांगायच्या, 'उन्हाळी लागलीय.' इंटर्न मुलगा उत्तरेकडचा, मराठी जेमतेम. त्याला ऐकू आला उन्हाळा. त्यानं पेपरवर हीट एक्झॉशन लिहिलं, ओआरएस सुरू करा म्हणाला. सिस्टरनी पेपर वाचला, मावशींना बाजूला घेऊन विचारलं, आणि परत जाऊन सांगितलं, 'सर, ऊन नाही, बर्निंग मिक्चुरिशन आहे.' म्हणजे लघवीला जळजळ. युरिन रुटीनमध्ये पस सेल्स भरपूर निघाल्या. 'तो मुलगा हुशार होता हो. फक्त मावशींना उलट विचारलं नाही त्यानं.'

मग काय, वर्ग माझ्या हातात राहिला नाही. आमच्यात एक मल्याळी सिस्टर आहेत, आता फर्मास मराठी बोलतात. त्या म्हणाल्या, मुंबईत आल्यावर पहिल्याच महिन्यात एक पेशंट म्हणाला हातापायाला मुंग्या आल्यात, तर मी चादर झटकून बघितली होती. कुणी 'अंग मोडून आलंय' सांगितलं, कुणी 'पोटात गोळा येतो', कुणी 'जीव घाबरा होतो'. बायकांच्या 'बाहेरची आहे'वर ब्रदर लाजला. मी फळ्यावर डावीकडे हे सगळं लिहीत गेले आणि उजवीकडे, जिथं आठवेल तिथं, तिकडचे म्हातारे काय म्हणतात ते. मुंग्यांना पिन्स अँड नीडल्स. अन्नावरची वासना उडाली तर 'आय हॅव गॉन ऑफ माय फूड'. खाल्लेलं टिकत नाही तर 'आय कान्ट कीप एनिथिंग डाउन'. अचानक गरगरलं, डोळ्यांपुढे अंधारी आली तर 'आय हॅड अ फनी टर्न', आणि त्यात गंमत काहीच नसते. 'ब्रिंग अप' म्हणजे मुलं वाढवणं हे सगळ्यांना येत होतं. 'आय ब्रॉट इट ऑल अप' म्हणजे उलटी, हे एकालाच.

'पुअरली' हा शब्द मात्र मी मुद्दाम थांबून शिकवला. व्याकरण पक्कं असलेल्याला तो क्रियाविशेषण वाटतो, वाईट रीतीनं केलेलं काहीतरी. तिकडे 'शी इज पुअरली' म्हणजे आजारी आहे, आणि रात्रपाळीच्या ओव्हरमध्ये, म्हणजे पाळी बदलताना पेशंटची माहिती सोपवताना, कुणी शांतपणे 'शी इज व्हेरी पुअरली' म्हणालं तर पेशंट सीरियस आहे. ऐकायला मऊ, अर्थ जड. त्यातून तिकडची म्हातारी माणसं दुखणं कमी करून सांगतात, 'जस्ट अ ट्विंज' म्हणजे जराशी कळ, 'मस्टन्ट ग्रंबल' म्हणजे कुरकुर करू नये. आपल्याकडे आजी कळवळून ओरडते तेव्हा निदान लक्ष तरी जातं.

शब्दसंग्रहाचा अभ्यास करणाऱ्या पॉल नेशन यांनी २००६ मध्ये हिशोब मांडला होता की बोललेल्या इंग्रजीतले ९८ टक्के शब्द ओळखीचे असायला सहा ते सात हजार शब्दकुलं, म्हणजे मूळ शब्द आणि त्याची रूपं मिळून एक असे गट, लागतात. माझ्या बॅचकडे आकडा कदाचित जवळपासचा असेल, पण भरणा कसला? लघवीतून रक्त जाण्याचं हिमॅच्युरिया येतं, धाप लागण्याचं डिस्पनिया येतं, पण 'वी' म्हणजे शू आणि 'टमी' म्हणजे पोट हे येत नाही. कॉलेजनं वरचा मजला बांधून दिलाय, तळमजला रिकामा. आणि पीडीएफ त्यावर गच्चीत कुंड्या ठेवते. या पातळीवरच्या माणसाला इडियम आधी कानाला हवा, तोंडाला नंतर, आणि पत्राला बहुधा कधीच नाही. ब्रदरच्या प्रश्नाला माझं उत्तर आता हेच आहे, आणि तो अजूनही माझ्याशी वाद घालतो.

डोंबिवलीच्या सिस्टरना मी एकच गोष्ट सुधारून दिली. अडलं तर 'व्हॉट इज द मीनिंग' नको, 'व्हेन यू से वॉटरवर्क्स, डू यू मीन पासिंग वॉटर?' असं विचारायचं. त्याला मार्क कापत नाहीत. २०१८ पासून तर पेशंटची बाजू समजून घेणं आणि माहिती काढणं हे बोलण्याच्या तपासणीतले स्वतंत्र निकषच आहेत. ते वाक्य त्यांनी वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं आणि लगेच तीनचार पेशंटवर चालवून पाहिलं. काळ, वचन, आर्टिकल यांचं काम बाकी आहेच. त्यात सवलत नाही, आणि ते त्यांना ठाऊक आहे.

छत्र्या आवरता आवरता त्यांनी विचारलं, 'तिकडे पेशंट मला सिस्टरच म्हणणार ना?'

नाही म्हटलं. तिकडे सिस्टर हे पद आहे, वॉर्डची प्रमुख. नवीन येणारी बँड फाइव्हची, म्हणजे त्या पगारश्रेणीची, स्टाफ नर्स. तिला पहिल्या नावानं हाक मारतात. म्हातारे तर लव्ह म्हणतील, डिअर म्हणतील, डर्बीकडे गेलात तर डक.

'बदक?' त्या उभ्याच राहिल्या. 'एवढी वर्षं काढली मी वॉर्डात. बदक?'

'प्रेमानं म्हणतात.'

'बदक नको बाई. लव्ह चालेल,' त्या म्हणाल्या. 'फक्त आमच्या ह्यांना कुणी सांगू नका.' आणि ब्रदरला पुढे घालून जिना उतरताना त्यांनी मल्याळी सिस्टरना विचारलं की डोंबिवली फास्ट आज कुठल्या प्लॅटफॉर्मला लावलीय.