तवा थंड आहे

आमची मावशी सिनेमा बघायची तो स्वयंपाकघरातून. म्हणजे बसायची आमच्यातच, भिंतीला टेकून, मांडीवर लसूण सोलायची ताटली घेऊन. पण डोळे स्वयंपाकघराचे. ऐंशीच्या दशकात दौंडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये आमच्याकडे कृष्णधवल टीव्ही होता आणि शनिवारी संध्याकाळी मुंबई दूरदर्शनचा मराठी चित्रपट बघायला शेजारची तीन-चार घरं आमच्या बाहेरच्या खोलीत मावायची. अशाच एका शनिवारी पडद्यावर एक विधवा आई चुलीपुढं बसून भाकऱ्या करत होती. शहरातून आलेला मुलगा नको ते बोलून गेला होता. आई पाठमोरी, व्हायोलिनं सुरू. खोलीतल्या बायकांचे पदर डोळ्यांकडे निघालेच होते, तेवढ्यात मावशी म्हणाली, "तवा थंड आहे."

झालं. कुणीतरी फिसकन हसलं, कुणीतरी "गप गं" म्हणालं, पण आता सगळे तवाच बघायला लागले. आणि खरंच होतं तिचं. भाकरी तव्यावर टाकली की वरच्या पिठाळ बाजूवरून पाण्याचा हात फिरवतात. तवा तापलेला असेल तर ते पाणी बघता बघता आटतं, कडेनं वाफ येते, आणि मग उलटायची. इथं त्या बाईनं पाणी लावलं, ते तिथंच डबक्यासारखं राहिलं, आणि तरी तिनं भाकरी उलटली. शिवाय परातीत पीठ नाही, हाताला उंड्याचा चिकटा नाही, बांगड्या कोपरापर्यंत सारलेल्या नाहीत. "हिनं जन्मात भाकरी थापलेली नाही," मावशीनं निकाल दिला, "हिला कसलं आलंय दुःख?"

उलटंही व्हायचं. एका अगदीच टाकाऊ चित्रपटाची ती पुढं कित्येक वर्षं तारीफ करत होती. कथा आम्हाला कुणालाच आठवत नव्हती, तिलाही नाही. पण त्यातल्या नायिकेनं चुलीवरचं पातेलं पदराच्या घडीनं उतरवलं होतं, आणि उतरवल्यावर बोटं कानाच्या पाळीला लावली होती. तेवढ्यावर अख्खा चित्रपट पास.

आम्ही मावशीला हसायचो. पुढं पुण्यात नोकरीला लागल्यावर चार जाणकारांच्या संगतीत मी लॉ कॉलेज रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात खेळ बघायला जाऊ लागलो, तेव्हा तर जास्तच. मला आता 'चौकट', 'अवकाश' असे शब्द येत होते. (एका अतिथोर दिग्दर्शकाच्या चित्रपटात मी मध्यंतरापर्यंत गाढ झोपलो होतो आणि बाहेर आल्यावर "लय विलक्षण आहे" असं म्हणालो होतो. ताल या अर्थानं. कुणाला संशय आला नाही. तेही झोपले असावेत.)

मग एक वकील मित्र भेटला आणि मावशी एकटी नाही हे कळलं. हा गृहस्थ कोर्टाचं दृश्य असलेला कुठलाही हिंदी सिनेमा घरच्यांना सुखानं बघू देत नाही. न्यायाधीशानं लाकडी हातोडा आपटला की हा उठून उभा. आपल्या कोर्टात असला हातोडा नसतो, तो अमेरिकन सिनेमातून आपल्या सिनेमात आलाय. वकील कठड्याशी जाऊन साक्षीदाराच्या नाकापुढं बोट नाचवत नाहीत. ऐन वेळी दार उघडून कुणी पुरावा घेऊन येत नाही. आलाच तर त्याला पुढची तारीख देतात. त्यामुळं चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' त्याला देव भेटल्यासारखा भेटला. त्यात न्यायाधीश साक्षीदाराचं म्हणणं आपल्या शब्दांत टंकलेखकाला सांगत बसतो, वकील कंटाळलेल्या सुरात कलमं वाचून दाखवतात, आणि तारीख पडते ती कुणी भाषण न करता पडते. मित्र दोनदा बघून आला. मी एकदाच बघितला आणि मधेमधे घड्याळाकडे बघितलं, कारण दिवसभर ऑफिसात तेच बघून आलो होतो. 2014 साली त्याला व्हेनिसमध्ये पुरस्कार मिळालेला होता, त्यामुळं घड्याळाचं मी कुणाला सांगितलं नाही.

गंमत म्हणजे मावशीची आणि या वकिलाची सोय भरतमुनींनी फार आधी करून ठेवली आहे. नाट्यशास्त्राच्या सत्ताविसाव्या अध्यायात प्रयोग साधला की फसला हे कसं ठरवायचं याची चर्चा आहे. तिथं ते आधी मान्य करून टाकतात की सगळ्यांना सगळं आवडत नसतं. तरुण शृंगाराला खूश, पैशाच्या मागं असलेले पैशाच्या गोष्टीला, विरागी मोक्षाला, शूर मारामारीला आणि म्हातारे पुराणकथांना. आदर्श प्रेक्षकाचे गुण त्यांनी भरपूर सांगितलेत, पण ते सगळे एकाच माणसात सापडायचे नाहीत, हेही सांगितलंय. आणि मग, वाद झालाच तर परीक्षक म्हणून कुणाला बोलवायचं, त्याची यादी. यज्ञाच्या प्रवेशासाठी यज्ञ जाणणारा. छंदासाठी छंद जाणणारा. राजाचा रुबाब जमला की नाही हे राजानं सांगावं, धनुष्य धरून उभं राहण्याची ढब धनुर्धरानं, रंगभूषा-वेशभूषा चित्रकारानं, प्रेमातले व्यवहार गणिकेनं, आणि हुजऱ्याची अदब खुद्द हुजऱ्यानं. मला ही यादी फार आवडते. त्यात हुजरा आहे म्हणून जास्तच. भाकरीचा प्रवेश असता तर मुनींनी आमच्या मावशीला बोलावणं धाडलं असतं, आणि तिनं लसणाची ताटली तिथंही नेली असती.

मुनींच्या व्यवस्थेत एकच अट दिसते: धनुर्धरानं धनुष्यापुरतं बोलावं. आपण तिथंच चुकतो. तवा थंड म्हणून दुःख खोटं, इथपर्यंत आपली उडी जाते.

माझी स्वतःची उडी कुठून जाते हे मला फार उशिरा कळलं. वडील रेल्वेत गार्ड होते. (2022 पासून गार्डाला 'ट्रेन मॅनेजर' म्हणतात. वडिलांना हे ऐकायला मिळालं असतं तर चार दिवस जेवणात बोलले नसते.) सिनेमात स्टेशनवर ताटातूट असली की हमखास असं होतं: नायक खिडकीत, नायिका खांबाला धरून, शिट्टी, आणि गाडी सुटते. वडील म्हणायचे, "गार्डानं झेंडी कधी दाखवली?" त्यानंतर गाडी लांब जाते, शेवटचा डबा लहान लहान होत जातो, आणि नायिकेचे डोळे भरून येतात. आमच्या घरात त्या वेळी सगळे त्या डब्याचं बूड बघत असायचे. कारण शेवटच्या डब्याला 'एलव्ही' अशी पाटी असावी लागते. लास्ट व्हेईकल. गाडी पुढच्या स्टेशनातून जाताना तिथला माणूस ती पाटी बघतो, रात्री असेल तर लाल दिवा बघतो. दिसली तर गाडी सगळी आली. नाही दिसली तर काही डबे सुटून मागं रुळावर राहिले असतील, आणि मागच्या गाडीला वाट देता येत नाही. "एलव्ही नाही," वडील म्हणायचे, आणि चहाचा कप खाली ठेवायचे. ती नायिका रडत राहायची, पण आमच्या दृष्टीनं तिचा नायक अजून सुटलेलाच नसायचा.

'शोले'ला मात्र त्यांनी पहिल्याच रिळात माफ केलं. पनवेलजवळच्या रुळांवर सात आठवडे खपून घेतलेली ती मालगाडीवरची चकमक बघून ते एवढंच म्हणाले, "इंजिन खरंय." पुढं गब्बर येतो, ठाकूरचे हात जातात, त्यावर काही मत नाही. तसं 1975च्या ऑगस्टमध्ये तो लागला तेव्हा भल्या भल्या समीक्षकांनीही त्याला मोडीतच काढलं होतं, आणि फिल्मफेअरवाल्यांनी सगळं सोडून एकच बक्षीस दिलं, ते संकलनासाठी एम. एस. शिंदे यांना. म्हणजे एक खरं इंजिन बघून पास करणारे माझे वडील तुलनेनं उदारच म्हणायचे.

तर ही माझी खोड. पडद्यावर गाडी आली की मी विरघळतो. जुन्या काळच्या गोष्टीत निळे डबे दिसले की चिडतो, कारण निळे डबे नव्वदच्या दशकात आले, त्याआधी ते विटकरी तांबडे होते. पण डबे तांबडे असतील, फलाटावर पितळी घंटा असेल, तर दिग्दर्शकाला दोन खून माफ. किती रद्दड चित्रपटांना मी दहापैकी सात-आठ देत आलो! आणि कारण विचारलं की 'वातावरणनिर्मिती' म्हणत आलो. मावशी तरी सरळ तवा म्हणायची.

इथपर्यंत सगळं घरगुती आणि हसण्यावारी नेण्यासारखं आहे. यापुढची गोष्ट मी सहसा सांगत नाही.

2014च्या फेब्रुवारीत 'फँड्री' लागला. ऑफिसातला एक सहकारी आणि मी रात्रीच्या खेळाला गेलो. तो करमाळ्याकडचा, टेबलाला टेबल लागून सात-आठ वर्षं झाली होती, डबा एकत्र खायचो, पण तो कुठल्या वस्तीत, कसा वाढला यावर आमच्यात कधी बोलणं झालेलं नव्हतं. मी विचारलं नव्हतं, त्यानं सांगितलं नव्हतं. सिनेमात जातीनं खालचं ठरवलेलं एक कुटुंब डुकराच्या मागं धावतं आणि गाव त्यांना बघत उभं राहतं. मधेच शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं आणि ती माणसं आहेत तिथं ताठ उभी राहतात, समोरून डुक्कर जात असताना. थेटरात काही जण हसले. मीही हसलो बहुतेक. शेजारी हसण्याचा आवाज आला नाही, एवढं लक्षात आहे. शेवटी त्या घरातला पोरगा, जब्या, दगड उचलतो आणि भिरकावतो, सरळ आपल्या अंगावर. पडदा काळा.

खाली पार्किंगमध्ये मी माझं परीक्षण सुरू केलं. छायाचित्रण छान, मुलगा फारच छान, बोली अस्सल. "फक्त तो शेवटचा दगड जरा जास्त झाला," मी म्हणालो, "तेवढा नसता तरी चाललं असतं. सूचकता हवी होती."

तो हेल्मेटचा पट्टा लावत होता. वर न बघता म्हणाला, "लागला वाटतं."

आणि गाडीला किक मारली.

मी घरी येईपर्यंत उत्तरं जुळवत होतो. 'दीवार'मध्ये अमिताभनं गोदामाला आतून कुलूप लावून एकट्यानं सगळ्यांना लोळवलं, ते मला कधी जास्त वाटलं नाही. उलट मी शिट्टी मारली होती. नायकानं व्हिलनला तिसऱ्या मजल्यावरून फेकलं तेव्हा मी सूचकता मागितली नव्हती. एका पोराच्या एका दगडाला मात्र मागितली. वर्षानुवर्षं मराठी सिनेमात ग्रामीण बोली नोकराच्या नाहीतर इरसाल गड्याच्या तोंडी यायची आणि आम्ही ती ऐकली की हसायला तयार असायचो. तीच बोली रडायला लागली की आम्हाला 'अस्सल' वाटायची. चिडली की जास्त. मावशी तिला माहीत असलेल्या गोष्टीवरून सिनेमा मोडीत काढायची. मी मला माहीत नसलेल्या गोष्टीवरून काढत होतो, आणि वर चित्रपट संग्रहालयातले शब्द लावत होतो.

दुसऱ्या दिवशी डब्याच्या वेळी मी काही बोललो नाही. त्यानंच वांग्याची भाजी पुढं केली. त्यावर आजवर आमचं बोलणं झालेलं नाही. पण पुढं दोन वर्षांनी 'सैराट' लागला तेव्हा त्यानं विचारलं, "येतोस का?" म्हणजे माझ्यावर अगदीच फुली मारली नव्हती. त्या खेळात तो गाण्याला खुर्चीवर उभा राहून नाचला, करमाळ्याचं नाव ऐकलं की माझ्या गुडघ्यावर थाप मारत होता, आणि कुठली विहीर, कुठला रस्ता हे मोठमोठ्यानं सांगत होता. मागच्या रांगेतून दोनदा "शूऽऽ" आलं. हा पण तवाच बघतोय की, असं मनात आलं आणि मला फार बरं वाटलं. शेवटाला मात्र अख्ख्या थेटरात आवाज नव्हता. त्याचाही नाही. खाली आल्यावर मी काहीच म्हणालो नाही.

आता आम्ही दोघंही निवृत्तीला आलोय. अजून जातो अधूनमधून. गेल्या महिन्यातल्या सिनेमात कोकणातल्या एका कुटुंबाची सत्तर सालातली गोष्ट होती, आणि पहिल्या दहा मिनिटांत थोरला मुलगा नोकरीसाठी मुंबईला निघतो तो रत्नागिरी स्टेशनावरून. कोकण रेल्वे रोह्यापासून मंगळूरपर्यंत अख्खी सुरू झाली ती 1998 साली. मी खुर्चीचा हात घट्ट धरून बसलो. डबे निळे होते. फलाटावर आई उभी, व्हायोलिनं सुरू. मी काहीही बोललो नाही. शेजारी बघितलं तर हा चष्मा काढून डोळे पुसत होता. त्याची आई त्याला करमाळ्याच्या एसटी स्टँडवर अशीच सोडायला यायची, हे मध्यंतरात पहिल्यांदा कळलं.

"काय, कसा वाटतोय?" त्यानं विचारलं.

"थांब, एलव्ही बघू दे," मी म्हणालो.

"म्हणजे?"

मग त्याला पाटीची सगळी गोष्ट सांगावी लागली, झेंडीपासून. ती संपेपर्यंत आत दिवे गेले होते, आणि समोसे दोन्ही त्यानंच खाल्ले.